काढू का मग?

साहेब, माझं शिक्षण तुम्ही खाल्लंत. नुसतं खाल्लं नाही, वर ढेकरही दिलात, तोही माइकवर.

तुमच्या पंचाहत्तरीचा गौरवअंक निघतोय. 'सरांची एखादी हृद्य आठवण पाठवा' असं पत्रक गावातली लिहिणारी बाई म्हणून माझ्याही घरी आलं. पाठवणाऱ्या पोरांना काही ठाऊक नाही, त्यांचा दोष नाही. तुम्हाला ठाऊक आहे. आठवण माझ्याकडे एकच आहे. हृद्य आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

कॉलेजात तुमच्या प्राचार्याच्या केबिनला तेव्हा अर्धं दार होतं, दोन्हीकडे झुलणारं. त्यातून मी पहिल्यांदा आत आले ती आप्पांच्या पाठोपाठ, डोक्यावर पदर आणि हातात हिरवा चुडा. लग्नाची हळद अजून नखांतून गेली नव्हती.

"या आप्पा, या! गॅदरिंगला अवकाश आहे, आत्ताच मंडपाचं बोलायला आलात?"

"मंडपाचं न्हाई, सायेब. ही आमची सूनबाई. बी.एस्सी.ला हाय."

"अरे वा! कितवं वर्ष?"

आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. मग मीच बोलले.

"दुसरं झालं, सर. केमिस्ट्री. जतला होते. तिसऱ्या वर्षाला इथं ट्रान्सफर पाहिजे. अर्ज आणलाय."

"निकाल?"

"लागायचाय."

"मग अर्ज कशावर घेऊ मी? निकालाआधी अर्ज म्हणजे पेरणीआधी खळं. निकाल लागू दे, मग या."

"सर, नुसता ठेवून घ्या आणि पोच द्या. निकाल आला की गुणपत्रिका जोडते."

हे मला जतच्या कॉलेजातल्या मोमीन भाऊसाहेबांनी पढवून पाठवलं होतं. हेडक्लार्क होते. मी लग्नाचे पेढे द्यायला गेले तेव्हा पेढा हातातच ठेवून म्हणाले होते, "पोरी, पेढा गोड हाय, पर दोन गोष्टी ध्येनात धर. अर्ज लवकर टाकायचा आन् पोच घ्यायची. पोच न्हाई तर अर्ज न्हाई. आन् तिकडं नाव लागल्याबिगर इकडचं काढायचं न्हाई. नाव काढणं सोपं हाय, एका सहीचं काम. परत घालायचं म्हंजे वरीस गेलं बाराच्या भावात."

तुम्ही 'पोच' शब्द ऐकलात आणि हसलात. "आप्पा, सून आणलीत की वकील?"

आप्पा हसले नाहीत. "पोरी, तू बाहेर थांब जरा."

मी बाहेर बाकावर बसले. अर्ज मांडीवर तसाच. आत तुम्ही दोघं बराच वेळ बोलत होतात, हळू. मधेच हसू ऐकू यायचं. आप्पा बाहेर आले आणि चप्पल पायात सरकवत म्हणाले, "निकाल लागू दे म्हणत्यात. सायबांचा शब्द हाय, काळजी करू नगंस."

आता माझे वडील. त्यांना मी अण्णा म्हणायची. भिकाजी ऐवळे, बँडचे मालक, क्लॅरोनेट वाजवायचे. आप्पा मंडपवाले, अण्णा बँडवाले. कितीतरी लोकांची लग्नं दोघांनी मिळून लावली, त्यातच आमचं जमलं. बैठकीत अण्णांनी एकच अट घातली होती. हुंड्याबिंड्याचं बोलणं झाल्यावर पाठीचा कणा ताठ करून म्हणाले, "पोरगी शेवटचं वरीस पुरं करनार. आमच्या अख्ख्या भावकीत पैली ग्रॅज्युएट हुनार ती."

"करू दे की," आप्पा म्हणाले. "आमचं काय न्हाई म्हणणं न्हाई."

नाही कुणीच म्हणालं नव्हतं, साहेब. शेवटपर्यंत कुणीच म्हणालं नाही. तिथंच तर मी फसले. 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं, 'थोडं थांब' म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?

निकाल लागला. फर्स्ट क्लास. अण्णा दुसऱ्याच दिवशी पहिली एस.टी. धरून आले, इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. घरात टेकलेसुद्धा नाहीत. "चल गं कालिंदे, सायबांकडं. तवा तापलाय तवर भाकर टाकू."

माझे मालक, भारत, दारात उभे होते. मी म्हटलं, "तुम्हीपण चला की." ते म्हणाले, "आप्पांना इचारलं पायजे. आन् आज ट्रकचा तुटका पाटा बदलायचाय." आले नाहीत.

तुम्ही अण्णांना खुर्ची दिलीत. पेढाही घेतलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "मुलीला बाहेर बसू दे, ऐवळे. आपण मोठी माणसं बोलू."

पुन्हा तोच बाक. पण या वेळी दाराला खेटून बसले. अर्ध्या दाराखालून तुमचे बूट दिसत होते आणि अण्णांच्या चपला, टाचा जुळवून ठेवलेल्या.

"सायेब, जागेचं कसं?"

"जागेचं बघू हो, घाई काय आहे? आधी आमच्या मुलांचे प्रवेश होऊ देत. पंधरा दिवसांनी या."

"पर मिळंल न्हवं?"

"ऐवळे, अहो, पोरगी हुशार आहे तुमची. नाव काढेल बघा!"

मला ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पदराखाली मी हसले. तेवढ्यात तासाची घंटा झाली, पोरांचा लोंढा व्हरांड्यातून गेला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मंगलाष्टकं संपल्यावर असतो तसा झाला होता.

"काय म्हणाले?"

"कळंल."

"सांगा की, अण्णा."

"आगं, कळंल म्हटलं न्हवं? तू जा निवांत सासरी. तुजा बाप हाय अजून."

स्टँडवर एस.टी.त चढताना ते क्लॅरोनेटची बोटं नुसतीच दांडीवर नाचवत होते.

इथं एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही नेहमी मांडवात पुढच्या खुर्चीवर बसलात. लग्नात बँडवाला मांडवाच्या कडेला उभा असतो. भटजी काय म्हणतात ते त्याला ऐकू येत नाही. लेकरं रडतात, बाया बोलतात, कर्णा खरखरतो. त्याला फक्त भटजींची मान दिसते. मान हलली की फुंकायचं. आधी फुंकलं तर अपशकुन, उशिरा फुंकलं तर शिव्या. माझ्या बापानं सगळी हयात लांबच्या मोठ्या माणसाच्या मानेकडे बघत काढली. मान हलली म्हणजे हुकूम झाला. त्यात कधी चुकले नाहीत ते.

चारसहा दिवसांनी आले. सासूबाईंनी पाणी दिलं ते ओट्यावर तसंच ठेवलं. खिशातून रुमाल काढला, रुमालातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"घे! काढलं नाव!"

सोडल्याचा दाखला होता. जतच्या कॉलेजचा. खाली गोल शिक्का, अजून ओला वाटावा असा जांभळा.

"अण्णा, हा कशाला काढला?"

"कशाला म्हंजे? आता हितं घालायचं न्हवं? तो मोमीन सोडंना बग. म्हनं, पोरगी कुठाय, तिकडचं ना-हरकत कुठाय. म्हटलं, सोता सायबांनी सांगितलंय, तू कोन इचारनार? तवा कुटं दिला."

"कुणी सांगितलं? काय सांगितलं?"

"तू व्हतीस की भाईर. 'पोरगी नाव काढंल' म्हनले न्हाईत?"

मी खाली बसले. चुलीजवळ सासूबाईंची भाकरी करपल्याचा वास आला, त्याही इकडेच बघत होत्या.

"अण्णा," मी म्हटलं, "ते कौतुक होतं. नाव काढेल म्हणजे मोठी होईल. कॉलेजातनं नाव काढा असं नाही."

ते आधी हसले. मी चेष्टा करतेय असं वाटलं त्यांना. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. "न्हाई गं," म्हणाले. "न्हाई. मी इचारलंय त्यास्नी." मी ते ऐकलं नाही. मला राग आला होता. बाप अडाणी म्हणून राग आला होता, साहेब. तो राग तुम्ही माझ्याकडून फुकटात करवून घेतलात.

तसेच दोघं तुमच्याकडे आलो. या वेळी तुम्ही बस म्हणाला नाहीत. अर्ज वाचलात, दाखला उलटापालटा केलात.

"जागा भरल्या."

"सर, तुम्हीच पंधरा दिवसांनी या म्हणाला होता. अजून पंधरा दिवस झालेपण नाहीत."

"म्हणून काय जागा तुमच्यासाठी झाकून ठेवायच्या? अर्ज वेळेवर यायला पाहिजे होता. निकालाआधीच टाकायचा, पोच घ्यायची. शिकलेल्या मुलीला एवढं कळू नये?"

माझेच शब्द. माझ्याच तोंडावर. तुमची पापणीसुद्धा लवली नाही.

"आणि हा दाखला कुणी काढायला सांगितला? आमची ना-हरकत नसताना?"

अण्णा पुढं झाले. हात जोडलेले. "सायेब, तुमीच म्हनला, नाव काढंल..."

"अहो ऐवळे! मराठी कळतं ना तुम्हाला? मी कौतुक केलं!"

"पर मी इचारलं तुमास्नी..."

"वाद नको. हे कॉलेज आहे, वरात नाही."

बाहेरच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला. अण्णांनी जोडलेले हात तसेच कपाळाला लावले. "चूक झाली, सायेब. आमी अडानी मानसं." माझ्यादेखत माझा बाप स्वतःला अडाणी म्हणाला, आणि मीही मनात 'हो' म्हटलं.

जतला गेले. मोमीन भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या नावावरून लाल रेघ गेलेली, जागेवर प्रतीक्षा यादीतला कुणी पोरगा आलेला. भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मी तीनदा इचारलं गं तुज्या बापाला. म्हटलं, भिकाजी, नीट ऐकलंस का? म्हनला, भाऊसायेब, मी न्हाई नुसतं ऐकलं, मी मान हालताना बगितली."

तेव्हासुद्धा मला उमगलं नाही.

वर्ष गेलं. "पुढच्या वर्षी बघू," सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी मी पाळणा हलवत होते. पण ते नंतर. त्याआधी थंडीत तुमचं गॅदरिंग आलं.

मंडप आप्पांचा. बँडही आप्पांनी अण्णांनाच सांगितला, व्याही म्हणून. पौषात लग्नं नसतात, काम पाहिजे होतं, अण्णा आले. पाहुण्यांच्या स्वागताला वाजवलं, दीपप्रज्वलनाला वाजवलं. मग स्टेजच्या उजव्या अंगाला, पडद्याच्या दोऱ्या बांधल्या होत्या तिथं, लाल कोट घालून उभे राहिले. मी बायकांच्या रांगेत, सासूबाईंशेजारी. दिवस गेलेले होते.

तुम्ही बोलायला उभे राहिलात. लोक कंटाळले होते. गुणवंत विद्यार्थ्यांचं काही सांगताना तुम्ही थांबलात, माइक जवळ ओढलात.

"एक गंमत सांगतो. भाषा किती मजेशीर असते बघा. एक पालक आले माझ्याकडे. मी आपलं सहज म्हटलं, मुलगी हुशार आहे, नाव काढेल! तर ते गृहस्थ पुढं वाकून मला विचारतात," आणि तुम्ही आवाज बदललात, अण्णांचा केलात, हुबेहूब, "'काढू का मग, सायेब?'"

पोरं हसायला लागली.

"आता काय म्हणायचं? मी म्हटलं, काढा! आणि मान हलवली अश्शी! तर त्यांनी चार दिवसांत खरोखर दाखलाच काढून आणला हो!"

मांडव कोसळतो की काय असं हसू. पोरं बाक वाजवत होती. शिट्ट्या. सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. पोटातलं मूल हललं की काय कोण जाणे, मी दोन्ही हात पोटावर धरले.

"कोण ते सांगू? इथंच आहेत! आपले बँडमास्तर! ते बघा!"

सगळ्या माना तिकडे वळल्या. अण्णा उजेडात होते. ते हसत होते, साहेब. सगळे हसताना मोठ्या माणसाच्या विनोदाला हसायचं असतं म्हणून हसत होते. हात कपाळाला लावून त्यांनी सलाम केला.

आणि मी तिथं बसल्या जागी तुमचं वाक्य पुन्हा ऐकलं. 'काढू का मग?' त्यांनी विचारलं होतं. घंटा झाली तेव्हा आत हेच चाललं होतं. त्यांना 'नाव काढेल' कळलं नसेल, मान्य. पण म्हणून तर त्यांनी विचारलं. कळलं नाही की विचारतो तो अडाणी नव्हे. कळून मान हलवतो त्याला काय म्हणायचं, ते तुमच्या मराठीत सांगा.

"चला मास्तर, होऊन जाऊ दे!" तुम्ही म्हणालात आणि अण्णांकडे बघून मान हलवलीत. तीच मान.

ढोलवाल्यानं टिपरू उचललं. ट्रंपेटवाल्यानं गाल फुगवले. सगळे अण्णांच्या पहिल्या सुराची वाट बघत होते, बँड त्यावर उठतो. अण्णांनी क्लॅरोनेट ओठाला लावलं. तुमच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग क्लॅरोनेट ओठापासून काढलं, तोंडाकडची वेताची पट्टी ओली झाली होती ती बाहीनं पुसली, आणि वाद्य सुटं करून पेटीत ठेवायला लागले. एक एक तुकडा. मांडवात पोरं अजून हसत होती, त्यांना वाटलं हाही विनोदाचाच भाग.

"व्याही, आवो काय करताय? वाजवा की!" आप्पा पडद्याआडून ओरडले.

"सायबांनी मान हलवली," अण्णा म्हणाले. "मी बगितली. पर आता मी इचारल्याबिगर वाजवत न्हाई."

आणि निघून गेले. पुन्हा त्या गावात वाजवायला आले नाहीत. माझ्या लेकीच्या बारशाला आले ते रिकाम्या हाती, पेटी घरी ठेवून.

मंडप सोडायला लागले तेव्हा मी आप्पांना गाठलं. सुनेनं सासऱ्याला असं गाठायचं नसतं, पण गाठलं.

"आप्पा, पहिल्या दिवशी मला बाहेर बसवून साहेबांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

ते दोरीचं वेटोळं करत होते. "काय सांगनार? नवी सून, पैल्याच वर्षी पोरांच्यात कॉलेजात जायाला लागली तर लोक नावं ठेवत्यात."

"म्हणून?"

"म्हनून म्हटलं, सायेब, न्हाई म्हनू नगा, व्याही दुखावंल. नुसता वेळ काढा."

"आणि साहेब काय म्हणाले?"

"काय म्हननार? मंडपाचं दर वर्षीचं हाय आपलं. बरं म्हनले."

भारत तिथंच खांब उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही. एवढं वजन उचलणारा माणूस, ती एक मान त्याला उचलली नाही.

तर असं. तुम्ही वेळ काढलात, माझ्या बापानं नाव काढलं आणि मी आयुष्य काढलं. पुढं जे काही वाचलं, लिहिलं, ते आप्पांच्या गोदामात, गुंडाळलेल्या कनातींवर बसून. त्याचे उपकार कुणाचे नाहीत.

अण्णा गेले त्या आठवड्यात दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "कालिंदे, माज्या अडानीपनानं तुजं वाटुळं झालं गं." मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही विचारलं होतं. त्यांना कळलं होतं." ते म्हणाले, "न्हाई गं. एवढा शिकलेला मानूस. जानून कशाला करंल? त्यास्नीबी न्हाई कळलं आसंल." मरताना माझा बाप तुम्हाला अडाणी ठरवून गेला, साहेब, पण लबाड म्हणाला नाही. एवढा मोठेपणा माझ्यात नाही.

आठवण मागितली होती, दिली. छापणार नाहीत हे मला माहीत आहे. न छापा. मला एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे. टाचा जुळवून बसलेल्या त्या माणसानं पुढं वाकून तुम्हाला विचारलं, 'काढू का मग?' तो काय विचारतोय हे तुम्हाला त्या क्षणी कळलं होतं का?

हो की नाही?

मान हलवू नका, साहेब. तोंडानं सांगा.